बालशिक्षणाचा मसुदा अंगणात वाचला जावा

(पालक आणि कार्यकर्ते यांच्या सभेतील भाषणाचे शब्दरूप)



शासनाचे एखादे नवे धोरण येऊ घातले की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींचे निवेदन प्रसिद्ध होते. अमुक विषयाचा मसुदा संकेतस्थळावर ठेवण्यात आला आहे. नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत पाठवाव्यात. रस्त्याची आखणी असो, वीजदर असोत की शहराचा विकास आराखडा असो, ज्याचे घर किंवा शेत जाणार असते तो माणूस हे निवेदन नेमके शोधून काढतो, वकिलाचा सल्ला घेतो आणि हरकत नोंदवतो. बालशिक्षणाच्या मसुद्याला हे भाग्य लाभत नाही. तीन वर्षांच्या मुलाला आपले काय जाणार आहे हे कळत नाही, आणि त्याच्या आईवडिलांना ते कळेपर्यंत मूल दुसरीत गेलेले असते.

तीन ते सहा या वयोगटाचा विचार आपल्या देशात गेल्या काही वर्षांत अधिक गंभीरपणे होऊ लागला, ही समाधानाची गोष्ट आहे. मुलाच्या मेंदूची पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने नमूद केले. तीन ते आठ ही पाच वर्षे एकत्र गुंफून त्यांना ‘पायाभूत स्तर’ असे नाव दिले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. २०२३ च्या मे महिन्यात अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणासाठी ‘पोषण भी, पढाई भी’ हा उपक्रम सुरू झाला. २०२४ मध्ये तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम तयार झाला. कागद पुष्कळ झाले, आणि त्यांतले काही खरोखर चांगले आहेत. प्रश्न निराळा आहे. हे कागद तयार होताना कोणाला विचारले गेले, विचारले ते कोणत्या भाषेत, आणि दिलेल्या उत्तराचे पुढे काय झाले?

२०२० च्या धोरणाची विचारणा जानेवारी २०१५ पासून सुरू झाली होती. अडीच लाख ग्रामपंचायती, ६,६०० गट, ६,००० नागरी स्वराज्य संस्था आणि ६७६ जिल्हे यांतून दोन लाखांहून अधिक सूचना आल्या, असे शासनाने सांगितले. त्यापूर्वीच्या कोणत्याही शैक्षणिक धोरणाने इतके मोठे जाळे टाकले नव्हते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरीही या आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. पंचायती अडीच लाख आणि सूचना दोन लाखांच्या आसपास. म्हणजे सरासरीने एका गावामागे एक सूचनाही पडत नाही. एका गावात किमान एक अंगणवाडी, तिच्यात वीस-पंचवीस मुले, त्यांच्या वीस-पंचवीस आया आणि तितक्याच आज्या. त्या सगळ्यांची मिळून एक सूचना होईना.

ज्या सूचना आल्या त्यांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. ३१ मे २०१९ रोजी डॉ. कस्तुरीरंगन समितीचा मसुदा सादर झाला. शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षाऐवजी तिसऱ्या वर्षापासून लागू करावा, अशी स्पष्ट शिफारस त्यात होती. बालशिक्षणाच्या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांची ही जुनी मागणी. २९ जुलै २०२० रोजी धोरण संमत झाले तेव्हा कायद्याच्या विस्ताराची ती शिफारस त्या स्वरूपात राहिली नव्हती. २०३० पर्यंत सर्व बालकांना दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे, असे उद्दिष्ट तेवढे राहिले. खर्चाचा विचार झाला असेल, राज्यांच्या अडचणी असतील. कारण सबळही असू शकेल. परंतु ते कारण धोरणाच्या पानांत नाही. ज्याने सूचना पाठवली, त्याला ती का गळली हे समजले नाही, तर पुढच्या वेळी तो पोस्टाचे तिकीट तरी का खर्च करील?

कायद्याची आजची स्थिती पालकांना बहुधा ठाऊक नसते. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि त्याच दुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांना पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत बसवले. तेथे राज्याने ‘प्रयत्न करावा’ असे म्हटले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अकराव्या कलमात, तीन वर्षांवरील मुलांसाठी शासन ‘व्यवस्था करू शकेल’ एवढीच भाषा आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या वतीने न्यायालयाचे दार ठोठावता येते; पाच वर्षांच्या मुलाच्या वतीने शिक्षण मागताना हात जोडावे लागतात. अंगणवाडीतील आहाराची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिला न्यायालयाच्या आदेशांचा आणि नंतर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा आधार मिळाला. म्हणून खिचडीचा हिशेब रोज द्यावा लागतो, गोष्ट सांगितली की नाही याचा द्यावा लागत नाही.

मग विचारणा करावी तरी कशी? याचे उत्तर शोधायला महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ बोर्डी आणि कोसबाड येथे ते काम होऊन गेले आहे. तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता.

ताराबाई मोडक राजकोट येथील प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या, त्यालाही आता शंभर वर्षे उलटून गेली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार उभे राहिले. मॉण्टेसरींची पद्धती त्यांनी अभ्यासली, स्वीकारली आणि नंतर तिला इकडच्या मातीत रुजवण्याचा ध्यास घेतला. शहरातल्या सुस्थित घरांतील मुलांपुरते हे शिक्षण राहू नये, ते खेड्यात जावे, या विचाराने १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. ज्या वयात लोक निवृत्तीनंतरच्या घराचा विचार करू लागतात, त्या वयात त्यांनी नवे गाव, नवी बोली आणि नव्या अडचणी पत्करल्या. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. बालवयातच वैधव्य आलेल्या, नंतर शिकून उभ्या राहिलेल्या या बाईंनी उरलेले सारे आयुष्य याच कामाला वाहिले.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण गावाच्या कडेच्या वस्तीतली मुले केंद्रात येईनात. अशा वेळी अहवालात ‘पालकांची उदासीनता’ असे दोन शब्द लिहून मोकळे होण्याची सोय असते, आजही असते. ताराबाईंनी ती वापरली नाही. मूल केंद्रात येत नाही, तर केंद्राने मुलाकडे जावे, असा सरळ विचार त्यांनी केला. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागली. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. महागड्या लाकडी साहित्याऐवजी शिंपले, गोटे, बिया, पाने. आया दारातूनच पाहत असत. आपले मूल काय करते, बाई त्याच्याशी कशी बोलते, हे त्यांना न सांगता दिसत होते. ‘अंगणवाडी’ ही कल्पना या अंगणांतून वर आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. ताराबाई त्याच्या दोन वर्षे आधी, १९७३ मध्ये गेल्या होत्या.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे प्रश्न आणखी अवघड निघाला. मोठी मुले गुरांमागे रानात, आणि सात-आठ वर्षांच्या मुलींच्या कडेवर धाकटे भावंड. आईबाप मजुरीला गेले की घर या मुलींवर. त्यांना शाळेत या म्हणणे म्हणजे कडेवरचे बाळ कोठे ठेवू, या प्रश्नाला उत्तर न देता निघून जाणे. ताराबाई आणि अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. बाळ पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. तिला त्यांनी ‘विकासवाडी’ म्हटले. गुराखी पोरांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. गुरे चरत राहिली आणि मुले शिकत राहिली.

या सगळ्याला त्या काळी कोणी ‘जनसल्लामसलत’ असे नाव दिले नाही. पण विचारणा ती हीच. तुम्हाला शिक्षण हवे का, असा प्रश्न वारली आईला विचारला असता तर तिने मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घरीच ठेवले असते. ताराबाई-अनुताईंनी पोरगी का येत नाही हे विचारले, आणि उत्तर शब्दांत मिळाले नाही तेव्हा ते कडेवरच्या बाळात वाचले. सूचना लिहून देणाऱ्याचीच सूचना मोजायची असा नियम असता, तर कोसबाडवरून एकही सूचना आली नसती.

आजही ज्यांच्याकडून सूचना येत नाही अशी माणसे थोडी नाहीत. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचे कुटुंब दसरा-दिवाळीनंतर गाव सोडते आणि गळीत हंगाम संपल्यावर परतते. अंगणवाडीच्या पटावर त्यांच्या मुलाचे नाव गावी असते, आणि मूल पाचटाच्या खोपीपाशी, फडाच्या बांधावर. वीटभट्टीवरच्या मुलाचेही असेच. मेळघाटातल्या मुलाची भाषा कोरकू, गडचिरोलीतल्या मुलाची गोंडी किंवा माडिया, नंदुरबारच्या डोंगरातल्या मुलाची भिली किंवा पावरी. मातृभाषेतून शिक्षण हा आग्रह धरताना आपण बहुधा इंग्रजीविरुद्ध मराठी एवढाच विचार करतो. या मुलांच्या दृष्टीने प्रमाण मराठी हीदेखील शाळेत प्रथमच भेटणारी भाषा असते, ही गोष्ट मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर अधिकच समजून घ्यायला हवी. सेविका त्याच गावची असावी या नियमाचे खरे मोल येथे आहे: मुलाची बोली जाणणारी ती एकटीच शासकीय व्यक्ती असते.

शहरातल्या आणि मोठ्या गावांतल्या मध्यमवर्गाचा विचार केल्यावर विषयाची दुसरी बाजू समोर येते. येथे सूचना लिहिता न येण्याची अडचण नाही. येथे पालक मागतात ते आणि मुलाला हवे असते ते, या दोहोंत अंतर आहे.

नर्सरीत किती लिहून घ्यावे, इंग्रजी केव्हापासून असावे, गृहपाठ असावा का, अशी प्रश्नावली सोसायटीत वाटली तर उत्तरे काय येतील, हे सांगायला ज्योतिषी नको. ‘आमच्या मुलाला एबीसीडी येते’ हे वाक्य पाहुण्यांपुढे उच्चारताना होणारा आनंद निर्मळ असला, तरी त्या आनंदाची किंमत मूल देत असते. आता हे लोण खेड्यात गेले आहे. सकाळी पिवळी गाडी येते, गळ्यात टाय आणि पायात बूट घातलेले साडेतीन वर्षांचे मूल तालुक्याच्या गावी ‘ज्युनियर केजी’ला जाते, आणि अंगणवाडीची सेविका रिकाम्या सतरंजीकडे पाहत बसते. त्या मुलाच्या आईवडिलांना हसण्याचे कारण नाही. आपले मूल मागे पडेल ही त्यांची भीती खरी आहे, आणि ती भीती विकत घेणारी दुकाने कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत.

परंतु बालशिक्षणाचे शास्त्र काही निराळे सांगते, आणि ते समजायला मोठे ग्रंथ लागत नाहीत. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे आणि बोटांचे स्नायू अजून घट्ट व्हायचे असतात. त्याच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघी वहीत अक्षरांच्या ओळी घोटवून घेतल्या की अक्षर सुधारत नाही, लिहिण्याची नावड मात्र पक्की होते. तीच बोटे कणकेचा गोळा मळताना, शेंगा सोलताना, फुले ओवताना, रांगोळीची चिमूट सोडताना लिहिण्यासाठी तयार होत असतात. पाच ताटांना पाच वाट्या मांडणारे मूल संख्या शिकत असते; शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल बहुधा एक गाणे म्हणत असते. बडबडगीतातले यमक ओळखता येऊ लागले की शब्द आवाजांचे बनलेले असतात हे मुलाच्या कानाला कळते, आणि वाचनाची पहिली पायरी हीच. चिंचोके, सागरगोटे, भोंडल्याची गाणी, आजीच्या गोष्टी हे सारे घराघरात होते. आजी आता दुसऱ्या शहरात राहते आणि चिंचोके बाजारात रंगीत खोक्यातून मिळतात. नव्या अभ्यासक्रमाच्या भाषेत या सर्वांना ‘अध्ययन निष्पत्ती’ साध्य करण्याची साधने म्हणतात. कोणत्या आजीने हा शब्द कधी उच्चारला असेल?

म्हणून पालकांची मते मोजून बहुमताने बालशिक्षण ठरवणे योग्य नव्हे. तज्ज्ञांनी बंद खोलीत ठरवून ते खाली पाठवणेही योग्य नव्हे. त्या अंगणात आया दारातून पाहत होत्या, याचे महत्त्व येथे ध्यानात येते. खेळातून मूल शिकते हे पालकाने डोळ्यांनी पाहिले पाहिजे, त्यावर शंका विचारल्या पाहिजेत, आणि मगच त्याचे मत विचारले पाहिजे. शिशुवाटिकेचे काम करणाऱ्या भगिनींना हा अनुभव नवा नाही. मुलापेक्षा आईवडिलांचा वर्ग अवघड जातो, असे त्या हसत हसत सांगतात.

या बाजारावर अंकुश ठेवण्याची सूचना आजची नाही. प्रा. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात शिशुवर्गांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, तेथे औपचारिक लेखन-वाचन-गणिताचा मारा होऊ नये आणि अशा संस्थांचे नियमन व्हावे, असे निःसंदिग्धपणे सांगितले होते. प्राचार्य राम जोशी समितीच्या कामानंतर महाराष्ट्राने १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक केंद्रांतील प्रवेशाचे नियमन करणारा कायदाही केला. आता २०२५ मध्ये खासगी केंद्रांना शासनाच्या संकेतस्थळावर नोंदणी करण्यास सांगण्यात आले आहे. नोंदणीने केंद्र कोठे आहे हे कळते. आत काय चालते ते कळत नाही. भाड्याच्या गाळ्यात किती मुले कोंबावीत, शिक्षिकेचे प्रशिक्षण किती असावे, तिला वेतन किती मिळावे, मोकळी जागा किती असावी, या गोष्टींचे नियम अंगणवाडीपेक्षा दहापट शुल्क घेणाऱ्या केंद्रांना असावेत की नसावेत, हा पालकांनी विचारण्याजोगा प्रश्न आहे. प्रवेशाच्या दिवशी तो विचारण्याचे धैर्य होत नाही, हेही खरे.

आणि अंगणवाडीची सेविका? तिला कोण विचारते? पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिच्या एका खोलीतून चालतात. शिक्षण हे त्यांतले एक, आणि नोंदवह्यांच्या हिशेबात बहुधा शेवटचे. मुलांची वजने, आहाराची नोंद, गरोदर मातांची यादी, भ्रमणध्वनीवरील ‘पोषण ट्रॅकर’, निवडणुकीचे काम, सर्वेक्षण हे सारे आटोपून उरलेल्या वेळात तिने राष्ट्राच्या भावी पिढीचा पाया घालावा, अशी अपेक्षा आहे. शासनाच्या दृष्टीने ती कर्मचारी नाही, ‘मानसेवी’ आहे. केंद्राने तिच्या मानधनातला आपला भाग २०१८ च्या ऑक्टोबरपासून ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केला. राज्य त्यात आपली भर घालते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा लागू होतो असा निर्णय दिला. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांनी दीर्घ संप केला, तेव्हा गैरसोय झाल्याची तक्रार अनेकांनी केली. संपाविषयी कोणाचे मत काही असो. त्या काळात त्यांनी मांडलेली गाऱ्हाणी या विषयावरची सर्वांत जाणकार सूचना होती. मुलाला गोष्ट सांगायला सेविकेच्या हाताशी किती मिनिटे उरतात, हे सचिवालयातील कोणत्याही तज्ज्ञाला तिच्याइतके अचूक सांगता येणार नाही.

विचारणेची रीतही घालून दिलेली आहे. केंद्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी कायदापूर्व विचारविनिमयाचे धोरण काढले. कोणत्याही प्रस्तावित कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस जनतेपुढे ठेवावा, सोप्या भाषेत त्याचा आशय सांगावा, आलेल्या प्रतिक्रियांचा सारांश प्रसिद्ध करावा, असे त्यात म्हटले आहे. शैक्षणिक धोरणे आणि अभ्यासक्रम हे कायदे नव्हेत, त्यामुळे ही रीत त्यांना बांधत नाही. पण पाळायला मनाई कोणी केली आहे? पुढच्या इयत्तांच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा २०२४ मध्ये मे महिन्याच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाला आणि सूचनांची मुदत जूनच्या आरंभी संपली. शाळांना सुट्टी, शिक्षक गावी, पालक लग्नकार्यात. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा प्रश्न याहून बोलका. १६ एप्रिल २०२५ रोजी निर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला, २९ जून रोजी मागे घेण्यात आला, आणि नंतर समिती नेमून लोकांची मते मागवण्यात आली. भाषांच्या बाजूने वा विरोधात काहीही मत असो, सहा वर्षांच्या मुलाविषयीच्या निर्णयात विचारणा सर्वांत शेवटी आली, एवढे तारखाच सांगतात. शासन कोणाचेही असो, ही सवय जुनी आहे.

शासनाने सवय बदलावी म्हणून समाजाने हातावर हात ठेवून बसावे, असे मात्र नाही. गावोगावी, वस्त्यांवर नित्य संपर्क असलेला कार्यकर्ता आणि शहरातील सुशिक्षित गृहिणी यांना या कामात मोठा वाव आहे. पुढचा मसुदा येण्याची वाट पाहण्याचीही आवश्यकता नाही. आपल्या वस्तीतील अंगणवाडीत एक सकाळ जाऊन बसावे. तपासायला नव्हे, तपासणारे पुष्कळ येतात. सतरंजीवर मुलांबरोबर बसावे, सेविकेला कामात मदत करावी आणि पाहावे. पाणी आहे का, शौचालय लहान मुलाला वापरता येते का, खोली भाड्याची असेल तर भाडे वेळेवर मिळते का, खेळणी कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात, मूल कोणत्या भाषेत बोलते आणि त्याला उत्तर कोणत्या भाषेत मिळते. कोण मूल पटावर आहे आणि प्रत्यक्षात नाही, आणि ते कोठे गेले आहे. या एका सकाळीत जे कळते ते शंभर पानी मसुदा वाचून कळत नाही.

मसुदा आला की त्यातली बालवयाशी संबंधित चार पाने काढून, सोप्या मराठीत किंवा त्या वस्तीच्या बोलीत, अंगणात आयांपुढे वाचावीत. दुपारची वेळ चालत नाही, शेतावर असतात. संध्याकाळी स्वयंपाकाआधीचा अर्धा तास बरा. ऊसतोड कुटुंबांकडे जायचे तर फडावर जावे लागेल, आणि तेही हंगामात. आई जे बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरवावे. त्याला ‘सुधारू’ नये. ‘पोरगं तिथं रडत न्हाई’ हे वाक्य कोणत्याही मूल्यमापन तक्त्यापेक्षा अधिक सांगणारे आहे. सेविकेचे म्हणणे तिचे नाव न घालता लिहावे, कारण तिला वरिष्ठांशी रोजचा व्यवहार आहे. हे सगळे ग्रामसभेपुढे ठेवून त्याचा ठराव करावा, त्याची प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यावी, आणि पोच घ्यावी.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, ज्या खेड्यात किंवा झोपडवस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. मागणी लोकांनी करायची आहे. त्यासाठी मुले मोजावी लागतात: नाव, वय, आईचे नाव, घर. शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या किती वस्त्यांत अशी मोजणी कोणी केली असेल?

पाठवलेल्या सूचनेचे उत्तर आले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. या मसुद्यावर किती सूचना आल्या, त्यांची छाननी कोणी केली, त्यावरील टिपणी कोठे आहे, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. अर्जाला दहा रुपये शुल्क लागते, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.